बागेचे नाव 'चवदार' का?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे विषय छापला आहे, 'उद्यानाच्या नावामागचा इतिहास'. विहाराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत आपल्या वस्तीने अंगमेहनतीने छोटीशी बाग केली. तिला 'चवदार उद्यान' असे नाव द्यावे, अशी सूचना समितीच्या बैठकीत पुढे आली. त्यावर चर्चा झाली, थोडी गरमागरमीही झाली. एक भगिनी म्हणाल्या, चवदार तर कालवण असते, बाग कशी चवदार? एका तरुणाने विचारले, बाबासाहेबांचे नाव थेट का देत नाही, आडून कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर द्यायचे काम समितीने आमच्यावर टाकले आहे.

मंडळी, चवदार तळ्याची गोष्ट आपल्या लेकरांना पाठ आहे. 20 मार्च म्हटले की बालवाडीतले पोरसुद्धा ओंजळ करून दाखवते. पण त्या ओंजळीच्या आधी काय घडले आणि ओंजळीनंतर दहा वर्षे काय चालले होते, हे मोठ्या माणसांनाही धड सांगता येत नाही. ज्याचे नाव लावायचे त्याचा सगळा हिशेब ठाऊक पाहिजे. नाहीतर नुसती पाटी उरते.

पाटी कशी उरते, ते बघा. दरवर्षी 6 डिसेंबरला आपण चैत्यभूमीला जातो. दादरला पश्चिमेला उतरले की प्लाझा सिनेमासमोर एक बाग लागते. सगळे तिला कोतवाल गार्डन म्हणतात. चुकामूक झाली तर तिथेच थांबायचे, असे आपण एकमेकांना बजावतो. पण हे कोतवाल कोण, असे विचारले तर दहातले नऊ जण म्हणतील, असेल कोणी पोलीस खात्यातला! अहो, ते आपल्याच रायगड जिल्ह्यातले, माथेरानचे. विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल. 1 डिसेंबर 1912 चा जन्म, गरीब नाभिक कुटुंबातला. कायद्याचे शिक्षण घेतले. खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी शाळा काढल्या, सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून धान्याची कोठारे उभी केली. 1942 च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील हुतात्मा झाले. एवढा मोठा माणूस, आणि आज त्याच्या नावाचा उपयोग काय, तर 'प्लाझासमोर भेटू'. बाग राहिली, नाव राहिले, पण नावातला माणूस निसटला. आपल्या बागेचे तसे होऊ नये, म्हणून हे भाषण.

आता चवदार या शब्दाकडे येऊ. आपण किनाऱ्याची माणसे. खारे आणि गोडे यातला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. भरतीला सावित्रीच्या खाडीचे पाणी चढत दासगावच्याही वर जाते. डोळ्यांपुढे पाणीच पाणी, पण तोंडात घेता येत नाही. अशा मुलखात ज्या तळ्याचे पाणी गोड, ज्याला चव आहे, ते चवदार. म्हणजे हे नाव पाण्याच्या गुणावरून पडले. तळे चार-पाच एकरांचे, किमान अडीचशे वर्षांचे जुने, पावसाच्या पाण्याने आणि आतल्या झऱ्यांनी भरणारे. सभोवती नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे बहुतेक सवर्णांची घरे, थोडी मुसलमानांची. ही माहिती आम्ही आमच्या पदरची सांगत नाही, पुढे कोर्टात हे सगळे नोंदले गेले आहे. गुरे तिथे पाणी पीत, पाखरे पीत. फक्त आपल्या माणसाला बंदी. तेव्हा चव तळ्यात होती, पण ती कोणाच्या जिभेला लागायची आणि कोणाच्या नाही, हे जात ठरवीत होती.

हा अन्याय कोणाला कळला नव्हता असे नाही. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर 1886 साली लष्करातून निवृत्त झाले आणि त्यांनी लेखणी हातात धरली. 1888 साली 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी धर्माच्या ठेकेदारांना विटाळाचा जाब विचारला. 1895 साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तर बाकीच्यांना त्यांच्या शेजारी बसणे जड गेले. 1900 साली गोपाळबाबा वारले. बाबासाहेब तेव्हा लहानच होते. म्हणजे महाडच्या मातीची नांगरणी आधीच सुरू झाली होती.

दुसरे नाव रामचंद्र बाबाजी मोरे. महाडजवळच्या लाडवलीचे, जन्म 1903 चा. हुशार पोर, शिष्यवृत्ती मिळवली, तरी महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला. त्या वयात त्यांनी वर्तमानपत्राला पत्र पाठवले. मग शाळेने घेतले, पण वर्गाच्या बाहेर बसवले. या मोऱ्यांनीच पुढे गावोगाव फिरून महाडच्या परिषदेची जुळवाजुळव केली. पुढच्या आयुष्यात ते कम्युनिस्ट पक्षात गेले, म्हणून आपल्या काही सभांत त्यांचे नाव घेताना जीभ अडखळते. आम्हाला विचाराल तर अडखळायचे कारण नाही. ज्याने पेरले त्याचे नाव पिकाच्या वेळी घ्यावेच लागते.

आता कायद्याची बाजू. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की सरकारी पैशाने चालणारी तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. त्याला धरून 5 जानेवारी 1924 रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे उघडले! पण तीन वर्षे उलटली तरी आपल्यातला एक माणूस तिथे पाणी प्यायला जाऊ शकला नाही. ठराव दफ्तरात, घागर डोक्यावर, आणि घागरीत पाणी दुसऱ्याच्या मेहेरबानीचे.

म्हणून 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, 1981 साली ते रायगड झाले. परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब, स्वागताध्यक्ष संभाजी तुकाराम गायकवाड. किनाऱ्यावरच्या आणि डोंगरातल्या खेड्यांतून लोक पायी आले. कोणाच्या खांद्यावर घोंगडी, कोणाच्या फडक्यात भाकरी. आणि माता-भगिनींनो, या परिषदेत पिण्याच्या पाण्यासाठी काय करावे लागले ठाऊक आहे? सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! 1927 सालचे चाळीस रुपये. चार पावलांवर तळे भरलेले, नगरपालिकेने खुले केलेले, आणि आपली माणसे पाणी विकत पीत होती. आम्हाला वाटते, चवदार तळ्याचा इतिहास शिकवताना आधी हे चाळीस रुपये शिकवावेत. मग ओंजळीचे मोल पोरांना आपोआप कळेल.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे 20 मार्चला, अनंतराव चित्रे यांनी मांडले की आता सगळ्यांनी मिळून तळ्यावर जाऊ. माणसे रांगेने, शिस्तीने बाजारातून निघाली. बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले आणि मागोमाग समाजाने. परत आले तोवर गावात अफवा उठवली गेली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. मंडपात जेवायला बसलेल्या माणसांवर, गावी परत निघालेल्यांवर लाठ्या पडल्या. कैक जणांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलटा हात उचलू दिला नाही. नंतर खटला होऊन हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

तळ्याचे काय केले? दही, दूध, शेण, गोमूत्र यांनी भरलेली एकशे आठ मडकी पाण्यात ओतून म्हणे ते शुद्ध केले! माणसाच्या ओंजळीने बाटले आणि शेणाने शुद्ध झाले. याच्यावर आम्ही वेगळे काय बोलावे? पुढे 4 ऑगस्ट 1927 ला नगरपालिकेने आपला आधीचा ठरावही मागे घेतला. उघडलेले दार पुन्हा लोटले.

मग डिसेंबरचा सत्याग्रह ठरला. त्या प्रवासाचा आपल्या किनाऱ्याशी थेट संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 24 डिसेंबरला बाबासाहेब मुंबईहून सुमारे दोनशे जणांसह 'पद्मावती' बोटीने निघाले. ती हरिहरेश्वरला आली. तिथून दुसऱ्या दिवशी 'अंबा' बोटीने खाडीतून वर दासगाव बंदराला. धक्क्यावर हजारो लोक वाट पाहत उभे. तिथून महाड पाच मैल, ते सगळे पायी. दासगावचे बंदर आज कोणाच्या लक्षात नाही. पण आपल्या समाजाचा एवढा मोठा प्रसंग त्या खाडीने वाहून आणला, हे खाडीकाठच्या आपल्या पोरांना कोणी सांगायचे? आपणच.

महाडात परिषदेला जागा द्यायला कोणी हिंदू तयार होईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. त्याच जागेवर 25 डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. तळे खुले करणारे नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे दोघे कायस्थ. ही नावे आम्ही मुद्दाम एका दमात घेतो. बाबासाहेबांचे भांडण विषमतेशी होते, आडनावाशी नव्हते. तेव्हा आपल्या बागेच्या फाटकावर आडनाव विचारले जाणार नाही, याची पहिली खूणगाठ इथेच बांधू.

आता सगळ्यात अवघड भाग. परिषदेच्या आधीच काही सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला होता आणि 14 डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. इकडे सत्याग्रहासाठी तीन हजार आठशे चौऱ्याऐंशी जणांनी नावे नोंदवलेली. तुरुंगात जायची तयारी झालेली. डोकी तापलेली. अशा वेळी बाबासाहेबांनी लोकांना समजावले की आपले भांडण या लोकांशी आहे, सरकारशी आत्ता नको, कोर्टात जिंकू. लोकांनी ऐकले. मिरवणूक तळ्याभोवती फिरली, पण पाण्याला एकाही माणसाने हात लावला नाही. मार्चमध्ये ओंजळ भरायला धैर्य लागले. डिसेंबरमध्ये ती रिकामी ठेवायला त्याहून जास्त लागले असेल, असे आम्हाला वाटते. मिलच्या गेटवर संपाच्या काळात उभे राहिलेल्या माणसाला हे पटेल. चिडलेला जमाव पुढे नेणे सोपे असते, त्याला थांबवून एकत्र ठेवणे कठीण.

त्याच मुक्कामात चांभारवाड्यात बाबासाहेब आपल्या आया-बहिणींशी बोलले. नीटनेटके रहा, मुलींना शिकवा, जातीची खूण सांगणारी नेसण सोडा. कित्येकींनी दुसऱ्या दिवशी लुगडे वेगळ्या पद्धतीने नेसले. तळ्याचे पाणी मिळायला अजून दहा वर्षे होती. पण बदल त्या रात्रीच घरात शिरला, आणि तो स्त्रियांनी आणला.

कोर्टाचे काम कसे चालले ते ऐका. 23 फेब्रुवारी 1928 ला मनाई हुकूम उठला, पण मूळ दावा चालूच राहिला. 8 जून 1931 ला महाडच्या कोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. ते अपिलात ठाण्याला गेले. 30 जानेवारी 1933 ला तिथेही हरले. मग मुंबईच्या हायकोर्टात. वादी मंडळींनी सुरुवातीला तळे आमच्या मालकीचे म्हणून सांगितले होते. शेवटी त्यांनाच कबूल करावे लागले की तळे नगरपालिकेचे. मग म्हणाले, मालकी नसली तरी अनादी काळापासूनची रूढी आहे. हायकोर्टाने सांगितले, अनादी काळाची रूढी तुम्ही सिद्ध करू शकला नाही. अपील फेटाळले. तारीख होती 17 मार्च 1937. आता बोटांवर मोजा. ओंजळ 20 मार्च 1927 ची. निकाल 17 मार्च 1937 चा. दहा वर्षांना तीन दिवस कमी! एका ओंजळीचा हक्क कायद्याने पक्का व्हायला एवढा काळ गेला.

तर तरुण मित्रा, तू विचारलेस की बाबासाहेबांचे नाव थेट का नाही. त्याचे उत्तर आमच्या धंद्यातून देतो. आम्ही गिरणीत साच्यावर काम केलेली माणसे. तागा तयार झाला की त्यावर छाप गिरणीचा पडतो. कोणी ताणा केला, कोणी साचा चालवला, कोणाच्या बोटाला लागले, ते ताग्यावर कुठे लिहिलेले नसते. चवदार हे नाव असे आहे की त्यात छापही आहे आणि विणणारेही आहेत. चवदार म्हटले की बाबासाहेब आधी येतातच, ते काय कोणाला सांगावे लागते? पण त्यांच्यामागे गोपाळबाबा येतात, मोरे येतात, गायकवाड येतात, जागा देणारे फत्तेखान येतात, टिपणीस आणि चित्रे येतात. आणि ज्यांचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही, ते घोंगडीवाले येतात. त्यांत तुझ्या-माझ्या वस्तीतले कोणाचे पणजोबा नसतील कशावरून?

आणि बाग आणि तळे यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संविधानाचे कलम 15 काढून बघा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकाला तिथे अडवता येणार नाही. ते वाचताना आम्हाला महाडच दिसते. तळ्यासाठी जे मिळवले, तेच बागेलाही लागू. सार्वजनिक राबत्याची जागा म्हणजे बागच ना? तेव्हा बागेला चवदार म्हणणे बिलकूल विसंगत नाही.

मात्र नाव लावले की जबाबदारी येते. आम्ही समितीपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, पाटी लावायच्या आधी बागेत पिण्याच्या पाण्याची सोय करा. कोकणात एवढा पाऊस पडतो, तरी चैत्र-वैशाखात कितीतरी वाड्या टँकरची वाट बघतात. नाव चवदार आणि कोपऱ्यात कोरडा माठ, असे चालायचे नाही. तिथे कोळीवाड्यातले पोर येवो, मोहल्ल्यातले येवो, वरच्या आळीतले येवो, आदिवासी वाडीवरची मोळी विकायला आलेली बाई येवो, तिला आपल्या मुलांनी ग्लास पुढे करावा. दुसरी, पाटीवर देणगीदारांची यादी नको. देणगीदारांचे आभार या स्मरणिकेत छापलेच आहेत. पाटीवर दोन तारखा लिहा, 20 मार्च 1927 आणि 17 मार्च 1937. त्या दोन तारखांमध्ये काय घडले, हे पोरे आपणहून विचारतील. तिसरी, दरवर्षी 20 मार्चला बागेत बसून वस्तीतल्या एका मुलाने आणि एका मुलीने हा इतिहास मोठ्याने सांगावा. लिहून आणलेला वाचला तरी चालेल. पण सांगणारे दरवर्षी नवे असावे. अशाने वीस वर्षांत चाळीस जणांना तो पाठ होईल.

भगवान बुद्धांनी माणसाला जन्माने नव्हे, कर्माने तोलले. बागेलाही तोच न्याय लावू. तिचे नाव काय, याच्यापेक्षा तिथे कोण सुखाने बसतो, यावरून ती ओळखली जाऊ दे. आमची सूचना बरोबर वाटली तर हात वर करा. नाही वाटली तर बैठकीत बोला, भांडा, पण बागेला पाणी घालायची पाळी चुकवू नका. उद्या सकाळी सहाला पश्चिमेच्या आळीची पाळी आहे.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द पुरे करतो.

नमो बुद्धाय! जय भीम!